विठ्ठलगीत, भीमगीत आणि ‘नवीन पोपट’ एकाच घरातून! आनंद-मिलिंद शिंदे यांचा आवाज घडला कसा?

रसायनीजवळच्या एका गावात हळद होती. मांडवात बेंजो पार्टी, बाजूला स्पीकरची भिंत आणि समोर नाचणारी पोरं. आनंद शिंदे यांचं गाणं लागलं तसा माझ्या शेजारी बसलेला कंपनीतला मित्र म्हणाला, “हे आनंद-मिलिंद म्हणजे ‘कयामत से कयामत तक’वाले ना?”

नाही. ते आनंद-मिलिंद वेगळे आणि हे वेगळे. पण मित्राला हसण्याआधी स्वतःलाच विचारून बघा, आपल्याला तरी या दोघांबद्दल काय माहीत आहे? आषाढीला गावातल्या देवळावरच्या कर्ण्यातून ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ ऐकू येतं. १४ एप्रिलला मिरवणुकीत भीमगीतं वाजतात. हळदीत ‘कोंबडी पळाली’ लागलं की आजीबाईसुद्धा टाळ्या धरतात. या तिन्ही ठिकाणी ऐकू येणारे आवाज एकाच घरातले आहेत, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात येतं?

हे घर म्हणजे शिंदे घराणं. वडील प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद आणि आता आनंद यांची मुलं आदर्श, उत्कर्ष. देवाचं गाणं, चळवळीचं गाणं आणि नाचाचं गाणं हे तीन वेगळे कप्पे आहेत असं आपण धरून चालतो. मग या घरात ते एकत्र कसे आले? दोन्ही भावांना हे संगीत मिळालं कुठून? समजून घेऊया.

आधी गोंधळ मिटवू : कोणते आनंद-मिलिंद?

मोबाईलवर ‘आनंद-मिलिंद’ असं शोधलं की पहिल्यांदा हिंदी चित्रपटांची संगीतकार जोडी समोर येते. ते संगीतकार चित्रगुप्त यांचे पुत्र. १९८८च्या ‘कयामत से कयामत तक’मुळे ते घराघरात पोहोचले.

आपला विषय आहे मराठी लोकगायक आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे. यात आणखी एक गोंधळ होतो. मराठीत मिलिंद शिंदे नावाचे एक अभिनेतेही आहेत. ते गायक मिलिंद शिंदे नव्हेत.

दोन्ही जोड्यांमध्ये एक साम्य मात्र आहे. दोन्हीकडे भाऊ-भाऊ आहेत आणि दोन्हीकडे संगीत वडिलांकडून आलं आहे. फरक एवढाच, की एका घरात ते चित्रपटाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओतून आलं आणि दुसऱ्या घरात गावच्या भजनातून, कव्वालीच्या मंचावरून आणि जयंतीच्या मांडवातून.

सुरुवात मंगळवेढ्यापासून

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३चा. कुटुंब सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं. मंगळवेढा ही संतांची भूमी. संत चोखामेळा यांचं वास्तव्य आणि शेवटही इथलाच. ज्यांना देवळाच्या आत जाता आलं नाही, त्या चोखोबांची समाधी आज पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे.

प्रल्हाद यांचे आई-वडील भजन-कीर्तन करत. लहानपणी त्यांची पहिली शाळा हीच. आता भजनात नेमकं काय घडतं ते पाहा. बुवा एक ओळ म्हणतात, टाळकरी तीच ओळ उचलतात. बुवा ती ओळ जरा फिरवून म्हणतात, टाळकरी पुन्हा उचलतात. वही नाही, स्वरलिपी नाही. कान आणि पाठांतर यांवरच सगळं चालतं. मागे बसलेल्या पोराला कुणी ‘सा’ कुठे आहे हे शिकवत नाही. चुकलं की शेजारचा टाळकरी डोळे वटारतो, एवढंच.

पुढे मुंबईत प्रल्हाद शिंदे यांनी प्रसिद्ध कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टीत कोरसमध्ये साथ केली. हे तेच इस्माईल आझाद, ज्यांची ‘हमें तो लूट लिया’ ही कव्वाली १९५८च्या ‘अल हिलाल’ चित्रपटामुळे देशभर गाजली.

भजनातला मुलगा थेट कव्वालीत कसा बसला? इथेच या सगळ्या कहाणीची किल्ली आहे.

देव वेगळा, यंत्र एकच

मी इंजिनीअरिंग केलंय, त्यामुळे एखादी गोष्ट समजून घ्यायची तर तिचे पार्ट सुटे करून बघायची सवय आहे. भजन, कव्वाली आणि तमाशा-शाहिरी हे तिन्ही प्रकार असे उघडून पाहिले तर आत जवळपास सारखीच रचना दिसते.

भजनात पुढे बुवा, मागे टाळकरी. कव्वालीत पुढे मुख्य कव्वाल, मागे हमनवा म्हणजे टाळ्या वाजवत ओळ उचलणारे साथीदार. पोवाड्यात पुढे शाहीर, मागे ‘जी जी’ म्हणणारे झीलकरी. तिन्हीकडे एक जण सांगतो आणि बाकीचे ते उचलून धरतात.

तालाचंही तसंच. भजनी ठेका आठ मात्रांचा, कव्वालीत सर्रास वाजणारा केरवाही आठ मात्रांचा. ढोलकीवर तोच केरवा चढ्या लयीत वाजवला की पाय आपोआप हलू लागतात. भजनात टाळ, कव्वालीत टाळी आणि हळदीत ढोलकी. पण मोजणारा हात एकच.

म्हणून ज्याला ओळ टाकायची आणि उचलायची सवय लागली, तो या तिन्ही घरांत सहज वावरू शकतो. शब्द बदलतात, भाव बदलतो, पण गळ्याला नव्याने शिकावं लागत नाही. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातलं विठ्ठलाचं गाणं नीट ऐका. शेवटची ओळ वर नेऊन सोडण्याची त्यांची ढब कव्वालीची आहे. आणि कव्वाली ऐकताना जाणवणारी आर्तता भजनातली आहे.

भीमगीतांची परंपरा कुठून आली?

दुसरा मोठा धागा आंबेडकरी जलशांचा. सत्यशोधक चळवळीने तमाशाचा साचा घेऊन प्रबोधनाचे जलसे उभे केले होते. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी तोच साचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा विचार वस्त्यांपर्यंत नेण्यासाठी वापरला. वृत्तपत्र ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी जलसा हेच वृत्तपत्र होतं.

रायगडकरांना हा धागा परका नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी महाडला झाला. महाड तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं. महाडचं पाणी हा भीमगीतांचा आजही न आटलेला विषय आहे.

१९५६च्या धम्मदीक्षेनंतर जयंतीच्या कार्यक्रमांना बहर आला. मुंबई, ठाणे, नाशिक, मराठवाडा, विदर्भ, सगळीकडे गायन पार्ट्या फिरू लागल्या. दोन पार्ट्यांचा सामना ठेवायची पद्धत होती. एका गायकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा आणि रात्र उजाडेपर्यंत माणसं बसून राहायची. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप हे या काळातले मोठे आवाज. आणि शब्दांचं भांडार होतं महाकवी वामनदादा कर्डक यांच्याकडे.

प्रल्हाद शिंदे याच मंचावरचे. त्यांचे भीमगीतांचे कार्यक्रम आणि भक्तिगीतांच्या रेकॉर्ड्स एकाच वेळी चालू होत्या. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी कल्याणमध्ये. सहा आठवड्यांच्या आत एक लेखणी आणि एक गळा, दोन्ही थांबले.

मग आनंद-मिलिंद शिकले कसे?

या घरात गाणं शिकण्याचा रस्ता ठरलेला होता. आधी वडिलांच्या मागे बसून कोरस धरायचा. मग टाळी, वाद्य, साथ. मग एखाद्या अंतऱ्यातली अर्धी ओळ वाट्याला यायची. आणि एके दिवशी कार्यक्रमात पूर्ण गाणं. आनंद आणि मिलिंद वडिलांच्या साथीला उभे राहतच मोठे झाले.

शास्त्रीय संगीतात गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसणाऱ्या शिष्याकडे आपण आदराने बघतो. तिथे त्या पद्धतीला ‘तालीम’ आणि ‘घराणं’ म्हणतात. बापाच्या मागे कोरस धरणाऱ्या मुलाबद्दल मात्र ‘यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणून विषय संपवला जातो. रक्तात असतं तर इतकी वर्षं रात्र-रात्र जागायची गरजच पडली नसती. हीसुद्धा तालीमच आहे, फक्त ती बंद खोलीत न होता हजारो लोकांसमोर होते आणि चूक झाली तर पब्लिक तिथेच शिट्टी मारतं.

दोघांनी मिळून गाण्याचा फायदाही याच तालमीतून येतो. एक जण ओळ वर नेतो तेव्हा दुसरा श्वास घेऊन तयार असतो. पहिल्याची ओळ संपायच्या आत दुसरा ती उचलतो, त्यामुळे गाण्यात भोक पडत नाही. तीन-चार तासांच्या खुल्या कार्यक्रमात गळा टिकवायचा तर ही वाटणी लागतेच.

कॅसेट आली आणि आवाज गावोगाव गेला

त्यांच्या उमेदीच्या काळात बाजारात एक मोठा बदल झाला. रेकॉर्डच्या जमान्यात कुणाचं गाणं निघणार हे मोजक्या बड्या कंपन्या ठरवत. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली छोटी कॅसेट भारतात ऐंशीच्या दशकात खऱ्या अर्थाने पसरली. गुलशन कुमार यांची टी-सीरिज १९८३ची. कॅसेट काढायला खर्च कमी, विकायला पानाची टपरीही चाले आणि ऐकायला वीज नसली तरी सेलवर टेप चाले. त्यामुळे ज्यांना रेडिओवर जागा नव्हती, अशा बोलीतल्या, वस्तीतल्या आणि जत्रेतल्या गाण्यांना थेट गिऱ्हाईक मिळालं.

‘जवा नवीन पोपट हा’ हे आनंद शिंदे यांचं गाणं याच कॅसेटच्या लाटेवर महाराष्ट्रभर गेलं. अनेकांनी नाकं मुरडली. वडिलांनी विठ्ठल गायला आणि मुलगा पोपट गातो, असंही म्हटलं गेलं. पण चाल ऐकली तर तीच ‘ओळ टाक, ओळ उचल’ रचना इथेही आहे. म्हणूनच पहिल्यांदा ऐकणारा माणूस दुसऱ्या कडव्याला कोरसमध्ये सामील होतो.

कॅसेट गेली, सीडी गेली, पण आवाज राहिला. २००६च्या ‘जत्रा’मध्ये अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’साठी आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांना घेतलं. हीच चाल पुढे २०१२च्या हिंदी ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ बनून देशभर वाजली. २०१६च्या ‘पोश्टर गर्ल’मधल्या ‘आवाज वाढव डीजे’त तर आनंद आणि आदर्श हे बाप-लेक एकत्र गायले.

कर्ण्यावर हा आवाज इतका लांब कसा जातो?

यामागे थोडं विज्ञान आहे. देवळावर किंवा मांडवावर लावतात तो कर्णा, म्हणजे भोंगा, खालचे जाड सूर जवळपास टाकूनच देतो. साधारण काहीशे हर्ट्झपासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचा मधला पट्टा तो जोरात फेकतो. माणसाचा कानही साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो.

आता जो गायक खालच्या पट्टीत, मऊ आवाजात गुणगुणतो, त्याचं गाणं कर्ण्यातून गढूळ ऐकू येतं. शाहिरी आणि कव्वालीचा गळा मात्र मुळात माईक नसलेल्या मैदानासाठी घडलेला. उंच पट्टी, खुला आवाज, शब्द ठसठशीत. त्याची बरीचशी ताकद नेमकी त्या मधल्या पट्ट्यात असते. म्हणून मोहोपाड्यात लावलेलं गाणं पाताळगंगेच्या पलीकडे गेलं तरी शब्द कळतात.

बेंजोचंही तेच. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते खरं तर बुलबुलतरंग. टाईपरायटरसारखी बटणं दाबायची आणि तारा छेडायच्या. त्याचं मूळ जपानमधल्या नागोया शहरात १९१२ मध्ये तयार झालेल्या ‘ताइशोगोतो’ या वाद्यात आहे. जपानहून निघालेलं वाद्य कोकणातल्या हळदीत इतकं मुरलं, कारण त्याचा टणत्कार गर्दीतही कापत जातो.

अवघड प्रश्न : चळवळीचा गायक देवाचं गाणं का गातो?

हा प्रश्न आंबेडकरी समाजातच विचारला जातो आणि तो रास्त आहे. १९५६च्या बावीस प्रतिज्ञांनी जुन्या देवदेवता नाकारल्या. मग त्याच मंचावरचा गायक विठ्ठलाची, गणपतीची गाणी कशी गातो?

दुसऱ्या बाजूलाही एक प्रश्न आहे, तो मात्र कमी विचारला जातो. देवळावर ‘पाऊले चालती’ लावताना जे भक्तिभावाने डोळे मिटतात, त्यांतले किती जण त्याच गायकाचं भीमगीत तेवढ्याच मोकळेपणाने ऐकतात? विठ्ठलाचं गाणं सगळ्या गावाचं होतं आणि भीमगीत फक्त एका वस्तीचं, ही वाटणी गायकाने केलेली नाही. ती ऐकणाऱ्यांनी केली.

व्यावसायिक गायकासाठी गाणं हे रोजगारही आहे. रेकॉर्ड कंपनी जे मागते ते गायचं आणि जयंतीला मनातलं गायचं, अशी कसरत या पिढीने केली. कुणाला ही तडजोड वाटेल, कुणाला पोटाची गरज. पण ज्या गळ्यामुळे गावाचा देव आळवला जातो, त्या गळ्याची स्वतःची गोष्ट गावाला माहीत नसणं हे बरं नव्हे.

गाणं रोज वाजतं, मग पैसे मिळतात का?

आपल्याला वाटतं, एवढी गाणी वाजतात म्हणजे गायकाला घरबसल्या पैसे मिळत असणार. गणित तसं नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्यावसायिक वापरातून गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्यात धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. म्हणजे आपल्या हळदीत रात्रभर वाजलेल्या गाण्यांसाठी परवाना लागत नाही आणि गायकाला त्यातून काही मिळत नाही. सामान्य माणसाच्या लग्नासाठी ही सूट योग्यच. पण म्हणूनच लोकगायकाचं घर रेकॉर्डिंगपेक्षा प्रत्यक्ष कार्यक्रमांवर चालतं.

सन्मानाची गोष्टही अशीच अर्धवट राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने राज्यपाल नियुक्त विधान परिषद सदस्यत्वासाठी बारा नावांची यादी पाठवली, त्यात आनंद शिंदे यांचं नाव होतं. राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार या जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी असतात. यादी मंजूर झालीच नाही आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ती मागे घेण्यात आली.

तिसरी पिढी काय करतेय?

आदर्श शिंदे यांनी घरच्या तालमीसोबत सुरेश वाडकर यांच्याकडे शास्त्रीय शिक्षण घेतलं. २०१३च्या ‘दुनियादारी’तलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ तरुणांच्या ओठांवर बसलं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या डॉ. आंबेडकर यांच्यावरील दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीतातही त्यांचाच आवाज होता. उत्कर्ष शिंदे डॉक्टर आहेत आणि गायकही. २०२१च्या ‘बिग बॉस मराठी’मुळे ते घरोघरी ओळखीचे झाले. आजोबांप्रमाणेच नातवांकडेही देव आणि भीमराय दोन्ही आहेत. बदललं आहे ते शिकण्याचं ठिकाण. कोरसच्या जोडीला आता क्लास आणि स्टुडिओ आला.

एकदा हे करून बघा

इअरफोन लावा आणि तीन गाणी सलग ऐका. एक प्रल्हाद शिंदे यांचं, एक आनंद-मिलिंद यांचं, एक आदर्श यांचं. फक्त तीन गोष्टींकडे लक्ष द्या. ओळीचा शेवट वर कसा सोडला आहे, मागचा कोरस ती ओळ कधी उचलतो आणि टाळी किंवा ढोलकी कुठे पडते. विषय वेगळे असूनही हिशेब तोच आहे हे लगेच कळेल.

आणि पुढच्या हळदीत ढोलकीवाल्याच्या मागे बसलेल्या, टाळ्या धरणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोराकडेही बघा. मांडवात त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण आनंद आणि मिलिंद यांचं शिक्षण अशाच जागी बसून सुरू झालं होतं.